गेटचं अ‍ॅप म्हणालं 'आत आहे', आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली

मिहानी_कोडर (बुधवार, रात्री १०:४०)

लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, पंधरा वर्षं झाली. मनीषनगरात आमची ६४ फ्लॅटची सोसायटी. कमिटीवर आहे, कारण 'तू कॉम्प्युटरवाला, तूच बघ'. दोन वर्षांपूर्वी गेटवर अ‍ॅप आणायचा ठराव मीच मांडला होता. त्याआधी रजिस्टर होतं, सुतळीनं बांधलेला पेन होता, आणि सह्या अशा की कोण आलं-गेलं ते ब्रह्मदेवालाही वाचता येऊ नये.

अ‍ॅपमध्ये कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोटो, मोबाइल नंबर, आधारची झेरॉक्स आणि चार आकडी कोड. ती आली की वॉचमन कोड टाकतो आणि ती जिथे जिथे काम करते त्या घरांत 'टिंग' वाजतं. ती गेली की 'बाहेर' दाबायचं. घरवाल्यांना तिला तारेही देता येतात, पाचपैकी.

मागच्या मे महिन्यात बी विंगमधल्या एका घरी सोन्याची साखळी सापडेना. त्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, मी साडेबाराला गेले. अ‍ॅप म्हणत होतं, चार चाळीसपर्यंत आत होत्या. घरात कुणी नसतानाचे ते चार तास. झालं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट पडला, मावशींच्या फोटोभोवती लाल गोल काढलेला. दुसऱ्या दिवशी गेटवर कोड टाकला तर 'ब्लॉक'. चिंचभवनकडून सायकलनं आलेल्या बाई तशाच परत गेल्या.

चार दिवसांनी मी लॉग, म्हणजे अ‍ॅपमधल्या नोंदींची यादी, उघडून बघितला. ४:४० ला एकट्या मावशी नव्हे, सात जणी एकाच मिनिटाला बाहेर पडल्या होत्या. वॉचमनला विचारलं. म्हणाला, साहेब, त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर, बाराच्या सुमारास गेटचा मोबाइल तापून बंद पडला. त्यानं तो माठाखालच्या ओल्या फडक्यावर ठेवला होता. दुपारी उशिरा सुरू झाला, तेव्हा ज्या 'आत' दिसत होत्या त्या सगळ्यांना त्यानं एकदम 'बाहेर' केलं. सहाव्या दिवशी साखळी सापडली, वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबराच्या घडीत.

मावशी परत आल्या नाहीत.

आता माझं. 'बाहेर पडल्याची नोंद नाही' आणि 'बाहेर पडली नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या हाताखालच्या नवख्या पोरालाही मी पहिल्या आठवड्यात शिकवतो. रिकाम्या रकान्यावर हिरवा ठिपका रंगवून 'आत आहे' लिहिणारा प्रोग्रॅमचा कोड माझ्यासमोर आला असता तर मी परत पाठवला असता. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणालो, 'लॉग तर तसंच दाखवतोय.'

येत्या रविवारी आमसभा आहे. विषय क्रमांक ४: कामवाल्या, ड्रायव्हर, दूधवाले यांच्यासाठी गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र. कारण काय दिलंय? 'म्हणजे मागच्यासारखी वॉचमनची चूक होणार नाही.' मला विरोध करायचाय, पण 'मनाला पटत नाही' एवढ्यावर आमसभा ऐकत नसते. मुद्दे द्या.

धरमपेठी (१०:५८)

भावना समजल्या, पण दोष अ‍ॅपला देऊ नका. आमच्याकडे तीन वर्षांपासून आहे. वडील ८१ वर्षांचे, दिवसभर एकटे. त्यांना औषध द्यायला बाई किती वाजता आली, हे मला ऑफिसात बसून कळतं. वॉचमननं बटण दाबलं नाही, ही माणसाची चूक. चेहऱ्याचं यंत्र आलं की माणूसच मधून जातो, मग चूक कुठली?

वऱ्हाडी_ठेचा (११:०६)

वॉचमनची चूक कायची बाप्पा? त्या पोट्ट्याले बारा तासाची ड्युटी, केबिनले पत्र्याचं छत, एक पंखा, तोबी गरम हवा फेकते. त्यानंच गेट उघडावं, त्यानंच पाण्याची मोटर लावावी, त्यानंच कुरिअर घ्यावं, अन् वरून त्यानंच तुमचं बटन दाबावं. तुम्ही त्याले सॉफ्टवेअरचा भाग करून टाकला, अन् पगार ठेवला वॉचमनचाच.

सदाफुली (११:३०)

मी एकटी राहते, भाड्यानं. मला गेटचं अ‍ॅप हवंच आहे, हे आधी सांगते. रात्री नऊला पार्सल घेऊन आलेला माणूस खरंच पार्सलवालाच आहे, हे कळल्याशिवाय मी दार उघडत नाही. तेव्हा सगळं बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण ते तारे. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी एकदा कणीक मळता मळता म्हणाल्या, 'ताई, तुमी मले किती तारे देल्ले?' मला तोपर्यंत माहीतही नव्हतं की तसं काही देता येतं. त्यांना मात्र माहीत होतं, कारण वरच्या मजल्यावरच्या बाईनं सुट्टी मागितल्यावर 'तारे कमी करीन' म्हणून सांगितलं होतं. मावशींना कुणाच्या घरी तारे द्यायची सोय आहे का? कुठल्या घरी पगार दहा तारखेपर्यंत लटकतो, कुठल्या घरी त्यांचा कप वेगळा ठेवतात, हे त्या कुठे नोंदवणार?

इतवारी_बाजार (११:४५)

चेहऱ्याच्या यंत्राबद्दल एक ठोस मुद्दा घ्या. अमेरिकेत २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्या आत, सावळ्या बायकांच्या बाबतीत ३४ टक्क्यांपर्यंत. म्हणजे यंत्र आपल्या मावशींना तिनातून एकदा ओळखणारच नाही.

गणित_शिकवतो (गुरुवार, सकाळी ६:५०)

इतवारी, अभ्यास खरा आहे, निष्कर्ष तुमचा चुकला. त्यांनी 'ही व्यक्ती कोण' हे तपासलं नव्हतं. चेहरा बाईचा की पुरुषाचा, हे सॉफ्टवेअर बरोबर सांगतं का, ते तपासलं होतं. शिवाय मधल्या काळात यंत्रं सुधारलीत. आमसभेत कुणी इंजिनीअर उठला तर या एका मुद्द्यावर तुमचं सगळंच पाण्यात जाईल.

त्यापेक्षा साधी त्रैराशिक मांडा. समजा कामाला येणारे ९० जण. रोज एकदा आत, एकदा बाहेर, म्हणजे १८० वेळा यंत्र चेहरा बघणार. कंपनी म्हणाली ९९ टक्के अचूक, तेही उदारपणे मान्य करू. तरी रोज साधारण दोन चुका. महिन्याचे २६ दिवस धरले तर ४७. आणि ही अचूकता चांगल्या उजेडातली. आपल्याकडे मे महिन्यात डोक्याला-तोंडाला ओढणी गुंडाळल्याशिवाय कोणती बाई सायकलवर बसते? दुपारी उशिरा पश्चिमेच्या गेटवर ऊन थेट कॅमेऱ्यात.

आता सभेत एवढंच विचारा: या ४७ वेळा यंत्राचं ऐकायचं की माणसाचं, हे ठरावात कुठे लिहिलंय? माझा अंदाज, कुठेच नसेल.

मिहानी_कोडर (सकाळी ८:१५)

गणित सर, हे छापून नेतो. आणि माणूस मधून जात नाही, हेही खरं. यंत्रानं ओळखलं नाही की शेवटी वॉचमनच हातानं नोंद करणार. फक्त आता त्याची नोंद 'संशयास्पद' दिसेल.

काळा_कोट (सकाळी १०:२०)

कोर्टात निघालोय, त्यामुळे तुटक लिहितो.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल मुख्यतः सरकारविरुद्ध वापरता येतो, तुमच्या सोसायटीविरुद्ध थेट नाही. म्हणून तो सभेत फडकवू नका.

कामाची चीज आहे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यात संमती कशी हवी? मोकळेपणानं दिलेली, विशिष्ट कामापुरती, माहिती देऊन घेतलेली, विनाअट. 'फोटो दे नाहीतर गेटच्या आत येऊ नको' ही संमती या चौकटीत कशी बसवणार? समोरचा वकील म्हणेल, नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा कायद्यात आहे. आहे. पण त्या बाईची मालक सोसायटी आहे का? पगार तर फ्लॅटवाले देतात. इथे वाद होईल आणि तो व्हायला हवा.

दुसरं, हे कुणालाच माहीत नसतं: संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे मराठीत मागता येते. तुमच्या अ‍ॅपची सूचना कुणी मराठीत पाहिली आहे का?

तिसरं, चुकीची माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि पुसून घ्यायचा हक्क त्याच कायद्यात आहे.

आणि आधारची झेरॉक्स कशाला गोळा करताय? २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी मंडळींनी आधार मागण्याची वाट न्यायालयानं अडवली होती. नंतर कायद्यात दुरुस्ती होऊन स्वेच्छेनं द्यायची सोय झाली. स्वेच्छेनं. सेक्रेटरीच्या कपाटात ९० जणांच्या झेरॉक्स आणि किल्ली कपाटालाच लटकलेली, हे दृश्य मी तीन सोसायट्यांत पाहिलंय.

दंड २५० कोटींपर्यंत आहे, असं कुणी सभेत ओरडेल. ती कमाल मर्यादा आहे. सोसायटीला तेवढा होणार नाही, उगीच घाबरवू नका.

तर्रीपोहे (दुपारी १:०५)

इंग्लंडच्या टपाल खात्याचं प्रकरण माहीत आहे का? मिहानीभाऊंच्या चार चाळीसची हीच गोष्ट, फक्त अख्ख्या देशाएवढी. १९९९ पासून तिथल्या पोस्टांत होरायझन नावाची हिशोबाची प्रणाली आली, फुजित्सू कंपनीची. गावोगावचे पोस्ट चालवणारे लोक संध्याकाळी हिशोब जुळवायचे तर प्रणाली म्हणायची, पैसे कमी आहेत. ते म्हणायचे, मी घेतले नाहीत. खातं म्हणायचं, संगणक सांगतोय. २०१५ पर्यंत ९०० च्या वर लोकांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरं विकून न घेतलेले पैसे भरले. प्रत्येकाला सांगितलं जायचं की असा त्रास फक्त तुलाच होतोय.

प्रणालीत दोष आहेत, हे लंडनच्या उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये मान्य केलं. शेवटी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. एवढ्या वर्षांत किती इंजिनीअरांनी तो कोड पाहिला असेल? आणि घरी जाऊन म्हणाले असतील, 'लॉग तर तसंच दाखवतोय.'

(मिहानीभाऊ, टोमणा नाही. मीही याच धंद्यात आहे.)

धरमपेठी (दुपारी ३:३०)

इंग्लंडचं राहू द्या, नागपूरचं बोला. राज्य सरकारनं २०२४ मध्ये 'मार्व्हल' इथेच काढली, पोलिसांसाठी एआयची कंपनी, आयआयएम नागपूरला सोबत घेऊन. ऑगस्ट २०२५ मध्ये देवलापारजवळ ट्रकनं धडक दिली आणि एका माणसाला बायकोचा मृतदेह मोटरसायकलला बांधून न्यावा लागला, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. त्याच्याकडे सांगायला काय होतं? ट्रकवर लाल खुणा होत्या, एवढंच. टोलनाक्यांचं चित्रण एआयनं तपासलं आणि ३६ तासांत ट्रक सापडला. तिथे तुम्ही म्हणाल का, की कॅमेरे नकोत?

तर्रीपोहे (दुपारी ३:५२)

नाही म्हणणार. चांगलंच काम झालं. पण क्रम बघा. तिथे यंत्रानं ढिगातून संशयित ट्रक वेगळा काढला, आणि मग पोलीस तिथवर गेले, ट्रक बघितला, चालकाला गाठलं. मिहानीभाऊंच्या सोसायटीत कुणी काही बघायला गेलं नाही. वॉचमनची केबिन बी विंगपासून किती पावलांवर असेल? चाळीस? तेवढंही कुणी चाललं नाही.

वऱ्हाडी_ठेचा (संध्याकाळी ६:१०)

धरमपेठी साहेब, नागपूरचंच बोलू. महानगरपालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटाले जीपीएसचं घड्याळ बांधलं, त्याले वर्सं झाली. कोण कुठं उभा हाय, ऑफिसात पडद्यावर दिसते. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपवर फोटो काढल्याशिवाय हजेरी नाही. अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी १ जुलै २०२५ पासून बाईचा चेहरा जुळावा लागते. झाडू मारणारा, खड्डा खोदणारा, लेकराचं पाकीट नेणारी माय. नवीन यंत्र आलं का पहिला प्रयोग यायच्यावरच काहून होते? एखाद्या साहेबाच्या मनगटाले घड्याळ बांधलेलं पाह्यलं का कुणी?

पारदर्शक_माणूस (संध्याकाळी ६:४०)

एवढा ऊहापोह कशाला? ज्यानं काही केलं नाही त्याला भीती कसली? आपण सगळे दिवसभर मोबाइलला सगळं देतोच की. मग गेटवर एक फोटो दिला तर काय आकाश कोसळतं?

सदाफुली (संध्याकाळी ७:०२)

मस्त. मग रविवारी असा ठराव मांडा: यंत्र सगळ्यांना. रहिवाशांनाही. कोण किती वाजता बाहेर पडला, रात्री किती वाजता परतला, कुणासोबत परतला, सगळ्यांची नोंद, आणि ती प्रत्येक फ्लॅटला बघता येईल. जशी मावशींची दिसते.

धरमपेठी (संध्याकाळी ७:०९)

ताई, हे काहीच्या काही आहे. आम्ही घरमालक आहोत. आमच्या येण्याजाण्याची चौकशी करायचा सोसायटीला काय अधिकार?

सदाफुली (संध्याकाळी ७:१०)

तुम्हीच म्हणालात.

गणित_शिकवतो (संध्याकाळी ७:३४)

मिहानी, हीच उपसूचना मांडा. माझे सगळे टक्के खिशात ठेवा.

मिहानी_कोडर (रविवार, रात्री ९:२०)

सभा झाली. वृत्तांत देतो.

विषय ४ पर्यंत यायला दीड तास लागला, कारण विषय ३ होता पार्किंग. (६४ फ्लॅट, ९७ गाड्या. त्यावर वेगळा धागा निघेल.) सेक्रेटरींनी यंत्राची किंमत वाचली, 'अत्याधुनिक' हा शब्द चारदा आला. मी गणित सरांची त्रैराशिक मांडली, लोक मोबाइल बघत बसले. काळा कोटांचा मराठी सूचनेचा मुद्दा मांडला, दोन माना हलल्या. होरायझन सांगायला घेतलं तर मागून आवाज आला, 'भाऊ, सांबारवडी थंडी होऊन राह्यली.'

मग उपसूचना वाचली. यंत्र सर्वांना, रहिवासी आणि कमिटीसकट, नोंदी सर्व फ्लॅटना खुल्या.

एकदम शांतता. मग ए विंगचे काका उठले, म्हणाले, माझा मुलगा रात्री किती वाजता येतो हे जगाला कशाला? एक वहिनी म्हणाल्या, मी माहेरी कधी जाते ते शेजारणीनं मोजायचं का? जो गृहस्थ गेल्या मे महिन्यात लाल गोल काढण्यात पुढे होता, तो म्हणाला, 'डेटा कुठे जातो हे आधी स्पष्ट झालं पाहिजे.' मी त्याच्याकडे बघत राहिलो.

अकरा मिनिटांत विषय ४ पुढच्या वर्षावर. रद्द झाला नाही, तहकूब. सोबत दोन छोट्या गोष्टी मंजूर झाल्या: तारे बंद, आणि आधारच्या झेरॉक्स ज्याच्या त्याला परत.

काळा_कोट (रात्री ९:४१)

झेरॉक्स परत करताना सही घ्या. आणि अ‍ॅपवर चढवलेल्या प्रती?

मिहानी_कोडर (रात्री ९:४४)

त्या कंपनीकडे आहेत. मेल पाठवलाय. 'आपली विनंती नोंदवली आहे' असं आपोआप उत्तर आलं.

सदाफुली (रात्री ९:५०)

आणि मावशी?

मिहानी_कोडर (रात्री १०:३५)

सभेनंतर चिंचभवनला जाऊन आलो. पत्ता वॉचमनला माहीत होता. त्यांनी खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. मी माफी मागितली, जशी जमली तशी. त्या आता दुसरीकडे तीन घरं करतात, अ‍ॅप नसलेल्या सोसायटीत, जरा दूर पडतं. साखळी सापडली हे त्यांना तेव्हाच कुणीतरी सांगितलं होतं. पोत सापडली, म्हणाल्या, पण गोल कुठं पुसला कोणी?

मग विचारलं, 'माहा फोटो हाय का अजून त्यात?'

मी तिथेच मोबाइल काढून बघितलं. आहे. नाव, फोटो, ३.८ तारे, 'ब्लॉक'. शेवटची नोंद: बाहेर, दुपारी ४:४०.

वऱ्हाडी_ठेचा (रात्री १०:३८)

ते चार चाळीस तरी दुरुस्त करून दे ना बे आता. तू कॉम्प्युटरवाला ना?

मिहानी_कोडर (रात्री १०:४१)

घरी येऊन पहिलं तेच बघितलं. कमिटीच्या लॉगिनमधून 'ब्लॉक' निघालं. जुन्या नोंदीची वेळ बदलायची सोय अ‍ॅपमध्ये ठेवलेलीच नाही.